मळी कोणत्या रकान्यात लिहायची?

पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढवलं तर साखर किती कमी होईल? तेलाची आयात किती घटेल? अशी उत्तरं आर्थिक प्रारूपांतून काढतात आणि त्या प्रारूपांच्या मुळाशी असतो एक अवाढव्य तक्ता: कोण कुणाकडून काय घेतो, कुणाला काय विकतो. अर्थशास्त्रज्ञ वसिली लिओन्टिफ यांनी 1936 मध्ये अमेरिकेसाठी तो मांडला. 1973 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. अशा तक्त्याला आदान-प्रदान तक्ता म्हणतात; भारताचा पहिला अधिकृत तक्ता 1968-69 सालाचा आहे.

साखर कारखाना या तक्त्यात बसवताना अडचण येते. त्यातून साखर निघते, मळी निघते, बगॅस म्हणजे उसाचा चोथा निघतो आणि बगॅस जाळून वीजही. ही वीज साखर उद्योगाची की वीज उद्योगाची? म्हणून आता दोन तक्ते करतात. एकात कोणत्या उद्योगानं काय पुरवलं, दुसऱ्यात ते कुणी वापरलं. 2011-12 पासूनच्या भारतीय तक्त्यांत 140 उत्पादनं आणि 66 उद्योग आहेत.

प्रत्येक उत्पादनाचा पुरवठा आणि वापर तंतोतंत जुळायला हवा. पहिल्या फटक्यात तो कधीच जुळत नाही. कारखान्यांचे आकडे वार्षिक उद्योग पाहणीतून येतात, घरखर्चाचे नमुना पाहणीतून, आयातीचे सीमाशुल्काच्या नोंदींतून. चार-पाच माणसांचं गुऱ्हाळ उद्योग पाहणीत येतच नाही. घरखर्चाच्या पाहणीतली बेरीज राष्ट्रीय लेख्यांपेक्षा, म्हणजे देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या अधिकृत हिशेबापेक्षा, कमी भरते, हे तर आपलं जुनं दुखणं. शिवाय कारखान्याच्या दारातला भाव आणि दुकानातला भाव यांत वाहतूक, व्यापाऱ्याचा वाटा आणि कर दडलेले असतात.

शेवटची जुळवणी गणित करतं: आडव्या ओळींतले आणि उभ्या रकान्यांतले आकडे आळीपाळीनं प्रमाणात कमी-जास्त करत बेरजा जुळवत न्यायच्या. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड स्टोन यांच्या गटानं ही रीत रुळवली. पण त्याआधी कोणत्या पाहणीवर किती भरवसा ठेवायचा, हे माणूसच ठरवतो. प्रारूपातल्या समीकरणांवर वाद खूप होतात, या निर्णयांवर फारच कमी. मला वाटतं, हे उलट असायला हवं.

2007-08 च्या तक्त्यात 130 क्षेत्रं होती, पण इंधनाच्या इथेनॉलला स्वतंत्र ओळ नव्हती. तो तक्ता वापरायचा तर अभ्यासकाला ती ओळ स्वतः फोडून काढावी लागते. इथेनॉल मळीपासून किंवा उसाच्या रसापासून होतं. सी मळी म्हणजे शेवटी उरलेली मळी; तिच्यातली काढण्याजोगी साखर आधीच काढून झालेली असते. बी हेवी मळी (त्याआधीच्या टप्प्यातली, साखर अजून शिल्लक असलेली) किंवा थेट उसाचा रस वापरला की मात्र साखर सोडावी लागते. तिन्ही एकाच ओळीत कोंबले, तर साखर किती घटेल याचं उत्तरच चुकतं.