पुण्यातील सुतार पक्षी

पिसिडी कुळातले सुतार पक्षी खोडावर उभे चढतात. बोटे दोन पुढे, दोन मागे असल्याने सालीवर पक्की पकड बसते आणि ताठ शेपटीचा टेकू मिळतो. पुणे परिसरात कोरड्या टेकड्यांपासून सह्याद्रीच्या ओल्या जंगलापर्यंत थोड्या अंतरात अधिवास बदलतो आणि तसतशा सुतारांच्या जातीही बदलतात.

जुन्या बागांत आणि मोठ्या झाडांच्या वसाहतींत सोनपाठी सुतार दिसतो. पाठ सोनेरी, कंबर काळी, डोक्यावर लाल तुरा. उडताना खिदळल्यासारखा ओरडतो. बाभळीच्या विरळ, रुक्ष रानात मराठा सुतार भेटतो. त्याचे शास्त्रीय वर्णन इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन लॅथमने 1801 मध्ये केले. जेमतेम 17-18 सेंटिमीटरचा, पिवळसर कपाळाचा हा पक्षी नीट पाहिल्याशिवाय सालीपासून वेगळा ओळखू येत नाही. नराच्या डोक्याच्या मागच्या भागावर लाल रंग असतो, मादीच्या नसतो.

मुंग्या, त्यांचे कोष, वाळवी आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या हा मुख्य आहार. पक्षी फांदीवर दोन-चार हलक्या टकटकी मारतो, मान तिरपी करून थबकतो, मग एकाच जागी घाव घालत सुटतो आणि भुसा खाली पडू लागतो. छिद्र झाले की लांब, चिकट जीभ आत जाते; तिचा हाडांचा आधार कवटीला मागून वळसा घालून पुढे येतो. कवटी गादीसारखी धक्का शोषते हा समज मात्र 2022 मधील संशोधनाने खोडून काढला: डोके हातोडीसारखे कडक राहते आणि मेंदू लहान असल्यामुळे तो धक्का सोसतो. पळस, पांगारा फुलले की काही सुतार फुलांतला रसही पितात.

घरट्यासाठी नर-मादी मिळून वाळक्या किंवा आतून कुजलेल्या लाकडात ढोली कोरतात. आत गवत-पिसे नाहीत, नुसता भुसा आणि त्यावर पांढरी अंडी. सोडलेल्या ढोलीत पुढे साळुंक्या, दयाळ, पिंगळे राहायला येतात. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी, कोणाच्या अंगावर पडण्याचा धोका नसतानाही, टेकडीवरचे प्रत्येक वठलेले झाड तोडणे फार चुकीचे आहे. ते झाड मेलेले दिसले तरी अनेकांचे घर आणि अन्नाचे कोठार असते.

ताम्हिणीकडच्या दाट झाडीत तांबूस सुतार आढळतो. तो झाडावरच्या मुंग्यांच्या वारुळातच घरटे कोरतो. वारुळ नांदते असते आणि त्यातल्या मुंग्याच तो खातो.