एकाच तबकडीची दोन तोंडे : ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ यांच्या वादाची पार्श्वभूमी

लिव्हरपूलच्या बीटल्स या बँडच्या चाहत्यांमध्ये ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ श्रेष्ठ की ‘पेनी लेन’ हा वाद निघाला की तो सहसा पहिल्याचा कर्ता जॉन लेनन विरुद्ध दुसऱ्याचा कर्ता पॉल मॅकार्टनी या वळणावर जातो. एका बाजूला गूढ, प्रयोगशील लेनन आणि दुसऱ्या बाजूला गोड चालींचा मॅकार्टनी, अशी ती ठरलेली विभागणी असते. मात्र या वादाचे बीज चाहत्यांनी पेरलेले नाही. १७ फेब्रुवारी १९६७ रोजी ब्रिटनमध्ये पार्लोफोन कंपनीने ही दोन्ही गाणी एकाच लहान तबकडीवर आणली आणि दोन्ही बाजूंना ‘ए’ दर्जा दिला. त्या काळच्या सिंगलमध्ये, म्हणजे अशा दोन गाण्यांच्या तबकडीत, ‘ए’ बाजूचे गाणे खपवायचे आणि ‘बी’ बाजूचे सोबतीला द्यायचे, असा व्यापाराचा सरळ नियम होता. तो बाजूला ठेवल्यामुळे निवड ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडली.

ही तडजोड नवी नव्हती. डिसेंबर १९६५ मध्ये ‘डे ट्रिपर’ आणि ‘वी कॅन वर्क इट आउट’ यांपैकी कोणते पुढे करायचे यावर बँडमध्येच एकमत होईना, तेव्हा दोन्ही गाण्यांना समान मान देण्यात आला. १९६६ च्या उन्हाळ्यात ‘यलो सबमरीन’ आणि ‘एलेनॉर रिग्बी’ अशाच जोडीने आली. फरक एवढाच की त्या जोड्यांतली गाणी एकमेकांशी बोलत नव्हती आणि १९६७ ची गाणी बोलत होती. ही दोन्ही गाणी लिव्हरपूलच्या एकाच भागातली आहेत, दोन्ही बालपणाकडे वळून पाहतात, आणि दोघांच्या पाहण्याच्या दिशा मात्र भिन्न आहेत.

त्याआधीचे वर्ष बीटल्सना दमवून टाकणारे होते. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी दौऱ्यातला अखेरचा कार्यक्रम केला आणि चौघे काही काळ पांगले. लेनन रिचर्ड लेस्टर यांच्या चित्रपटात भूमिका करण्यासाठी स्पेनमधील अल्मेरियाला गेला. चित्रीकरणाच्या रिकाम्या तासांत त्याने ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ रचले. त्याच सुमारास बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत ताजमहाल हॉटेलात उतरला होता. बातमी फुटून गर्दी जमल्यावर त्याला काश्मीर गाठावे लागले. या मुंबई मुक्कामाचा इथे उल्लेख करण्याला कारण आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच ध्वनिमुद्रित झालेल्या लेननच्या गाण्यात हॅरिसनने स्वरमंडळ छेडले आहे. ख्यालगायकाच्या मांडीवर पाहायची आपल्याला सवय असलेले हे वाद्य या गाण्यात उतरत्या स्वरांची एक झुळूक देऊन जाते. पाश्चात्त्य श्रोते त्याला बहुधा वीणेसारखे काहीतरी समजतात.

स्ट्रॉबेरी फील्ड हे लिव्हरपूलच्या वूल्टन भागातले साल्व्हेशन आर्मीचे बालकाश्रम होते. लेनन मिमी मावशीकडे मेनलव्ह अॅव्हेन्यूवर वाढला, आणि तिथून जवळच हे आवार होते. उन्हाळ्यात तिथे जत्रा भरे आणि साल्व्हेशन आर्मीचा बँड वाजे, तेव्हा मिमीचा हात धरून तो तिकडे जात असे. पेनी लेन हे एका रस्त्याचे आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या बसच्या चौकाचेही नाव आहे. शाळेला किंवा शहरात जाताना बस बदलण्याची ती जागा दोघांच्याही रोजच्या पायाखालची होती. लेननने १९६५ मध्ये ‘इन माय लाइफ’ लिहायला घेतले तेव्हा त्याच्या पहिल्या खर्ड्यात पेनी लेनचे नाव होते. पक्क्या गाण्यात ते गळले. त्यामुळे ‘पेनी लेन’ म्हणजे मॅकार्टनीची खासगी मिळकत, हे म्हणणे टिकत नाही.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’चे काम अॅबी रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत २४ नोव्हेंबर १९६६ रोजी सुरू झाले आणि २२ डिसेंबरला संपले. ज्या बँडने १९६३ साली पहिल्या अल्बमची दहा गाणी ११ फेब्रुवारी या एका दिवसात उरकली होती, त्याने एका गाण्यावर जवळजवळ महिना घालवावा, ही त्या काळी अचंब्याची गोष्ट होती. प्रारंभीचे रूप शांत आणि हलके होते. मग लेननला काहीतरी भरीव हवे झाले, म्हणून निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी चार ट्रम्पेट आणि तीन चेलो यांचे स्वरलेखन केले व दुसरे रूप तयार झाले. नंतर लेननला पहिल्याची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट आवडला, आणि दोन्ही जोडा असे त्याने सांगितले. मार्टिन यांची अडचण अशी की दोन्ही रूपांची पट्टीही वेगळी होती आणि लयही. यावर मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी पहिल्या रूपाचा, म्हणजे सातव्या टेकचा (ध्वनिमुद्रणाच्या सातव्या प्रयत्नाचा), वेग किंचित वाढवला, दुसऱ्याचा, म्हणजे सव्विसाव्याचा, कमी केला आणि दोन्ही फिती कात्रीने कापून जोडल्या. हा सांधा सुमारे एका मिनिटाच्या ठिकाणी आहे, आणि एकदा कानाला सापडला की मग चुकवता येत नाही. लेननच्या आवाजाला येणारा जडपणा, झोपेत बोलल्यासारखा घोळ, हा काही अंशी या वेगबदलाचा परिणाम आहे.

‘पेनी लेन’चे काम २९ डिसेंबरला सुरू झाले. म्हणजे लेननचे गाणे पूर्ण झाल्यावर आठवडाभरातच मॅकार्टनी आपले उत्तर घेऊन पियानोपाशी बसला. पियानोचे थर एकावर एक चढवत त्याने पाया घातला, पण मधला भाग रिकामा वाटत होता. ११ जानेवारीला त्याने बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर डेव्हिड मेसन यांना बाखच्या दुसऱ्या ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्तोत पिकोलो ट्रम्पेट वाजवताना ऐकले. १७ जानेवारीला मेसन स्टुडिओत हजर होते. मॅकार्टनीने स्वर गुणगुणले, मार्टिन यांनी ते लिहून घेतले आणि मेसन यांनी ते वाजवले.

चाहत्यांच्या नेहमीच्या वाटणीला इथेच तडा जातो. लेननच्या गाण्याची ओळख बनलेली सुरुवातीची मेलोट्रॉनची (फितीवरचे स्वर वाजवणाऱ्या कळफलकाच्या वाद्याची) धून मॅकार्टनीने वाजवली आहे. आणि ‘पेनी लेन’ सरळ, सुखी गाणे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्यातले हवामान तपासावे : एकाच फेरफटक्यात आभाळ निळे आहे आणि पाऊसही कोसळतो आहे, उन्हाळा आहे, तरी परिचारिका पॉपीची फुले विकते आहे, जी ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात विकतात. कडवी बी या पट्टीत आहेत, ध्रुवपद एक पूर्ण स्वर खाली ए मध्ये उतरते आणि शेवटचे ध्रुवपद पुन्हा वर चढून बी मध्ये येते. हे सारे इतके अलगद घडते की गुणगुणणाऱ्याला पत्ताही लागत नाही. लेननच्या गाण्यात पट्टीचा पेच कात्रीने सोडवला, मॅकार्टनीच्या गाण्यात तो रचनेतच मुरवला आहे. आणि प्रस्तुत लेखकाला हा दुसरा मार्ग, कौतुक कमी मिळत असले तरी, अधिक कठीण वाटतो.

निकाल लावण्याचे काम खपाच्या याद्यांनाही जमले नाही. ब्रिटनमधील ‘मेलडी मेकर’ या नियतकालिकाच्या यादीत ही तबकडी पहिली आली, पण ‘रेकॉर्ड रिटेलर’च्या यादीत एंगेलबर्ट हम्पर्डिंक यांच्या ‘रिलीज मी’ने तिला दुसऱ्या क्रमांकावर अडवले. (हे हम्पर्डिंक मूळचे अर्नोल्ड डॉर्सी, जन्म मद्रासचा, १९३६ चा.) त्या यादीत १९६३ नंतर बीटल्सच्या सिंगलला पहिला क्रमांक हुकण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि वर्तमानपत्रांनी लगेच त्यांची सद्दी संपल्याची चर्चा सुरू केली. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ हे नियतकालिक दोन्ही बाजू स्वतंत्र मोजत असे. तिथे ‘पेनी लेन’ मार्चमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आठव्यापर्यंत पोहोचले. म्हणजे १९६७ च्या अमेरिकन श्रोत्यांचा कौल मॅकार्टनीकडे होता.

समीक्षकांचा कौल पुढे उलटा फिरला. ब्रिटनमध्ये सिंगलवरची गाणी अल्बमवर पुन्हा न घेण्याचा तेव्हा प्रघात असल्यामुळे जूनमधील ‘सार्जंट पेपर’ या अल्बममधून दोन्ही गाणी वगळली गेली. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांना बाजारात लगेच काहीतरी हवे होते, म्हणून मार्टिन यांनी ती देऊन टाकली होती. नंतर त्यांनी ही आपल्या कारकिर्दीतली मोठी चूक मानली. अल्बमच्या बाहेर राहिल्याने ही गाणी एका मोठ्या कृतीचे भाग न बनता एकमेकांच्याच शेजारी तोलली जात राहिली. ८ डिसेंबर १९८० रोजी लेननची हत्या झाली, १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याच्या स्मरणार्थ स्ट्रॉबेरी फील्ड्स नावाचा भाग उघडला गेला, आणि गाण्याच्या नावाला शोकस्थळाचा अर्थ चिकटला. २००४ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने सर्वकालीन ५०० गाण्यांची यादी केली तेव्हा लेननचे गाणे ७६ व्या स्थानी होते आणि ‘पेनी लेन’ चारशेच्याही पुढे. २०२१ च्या नव्या यादीत ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ सातव्यावर आले. त्याआधी, १९९६ मध्ये, बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी’ या संग्रहाच्या दुसऱ्या संचात त्याचे कच्चे टप्पे प्रकाशित झाले होते, त्यामुळे गाणे घडताना ऐकण्याची सोय झाली आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हाती पुरावाच आला.

‘पेनी लेन’च्या पक्षाकडेही एक जादा पान आहे. अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांना आधी पाठवलेल्या प्रतींमध्ये गाण्याच्या अगदी शेवटी मेसन यांच्या ट्रम्पेटची एक लकेर होती. विक्रीच्या तबकडीसाठी केलेल्या ध्वनिमिश्रणातून ती काढून टाकली गेली. ज्यांनी ते गाणे सर्वांत आधी रेडिओवर ऐकले, त्यांच्या कानात ती लकेर राहिली आणि विकत आणलेल्या तबकडीवर ती सापडेना.