काकूंचं बी कूलरनं मारलं

ऑक्टोबर लागला की आमच्या लेआऊटमध्ये कुंड्यांची माती उकरली जाते. यंदा शेजारच्या काकूंनी झिनियाचं घरचं बी पेरलं. पंधरा दिवस झाले, एक रोप वर येईना. "उन्हाळाभर कूलरच्या खोलीत जपलं जी मी ते. मग काहून नाही उगवलं?"

खरी पंचाईत पुढेच होती. त्याच झिनियाचं मूठभर बी मी मार्चमध्ये त्यांच्याकडूनच आणलं होतं आणि गच्चीवरच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात विसरलो होतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, त्यानं तिथेच काढला. जूनमध्ये आभाळ भरून आलं तेव्हा आठवण झाली, म्हणून बाटलीत भरून घट्ट झाकण लावलं. ते भरभरून उगवलं.

ऊन बीला मारतं आणि गारवा जपतो, असं आपण धरून चालतो. त्यात अर्धंच खरं आहे. बीचा पहिला वैरी ओल, उष्णता दुसरा. कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून. म्हणजे बाहेर मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असताना बंद खोलीत कूलर ती सहज ६०-७० टक्क्यांवर नेतो. पापड सादळतात त्या खोलीत काकूंचं बी अडीच महिने होतं.

आता माझ्या आवडीचा भाग. वाळलेल्या बीत जीव राहतो तरी कसा? आपल्या पेशीतलं पाणी इतकं कमी झालं तर आपण केव्हाच संपू. झिनियाचं बी मात्र वजनाच्या पाच-सहा टक्के पाण्यावर वर्षं काढतं.

खडीसाखर आणि लिमलेटची गोळी शेजारी ठेवून बघा. दोन्ही मुख्यतः साखरच. खडीसाखरेत रेणू कवायतीसारखे रांगेत असतात, तो स्फटिक. गोळीत ते पाकात होते तसेच अस्ताव्यस्त, पण जागच्या जागी गोठलेले. भौतिकशास्त्रात अशा अवस्थेला काच म्हणतात, मग ती खिडकीची असो की साखरेची. बी पिकत येतं तेव्हा त्याच्या पेशींत सुक्रोज, रॅफिनोज यांसारख्या शर्करा आणि काही खास प्रथिनं साठतात. पाणी उडत जातं तसा पेशीतला रस पाकासारखा घट्ट होतो. निरनिराळ्या शर्करांची भेसळ असल्यामुळे रांगा लागत नाहीत, स्फटिक बनत नाही, आणि शेवटी सगळ्याची काच होते. पेशीच्या नाजूक पटलांभोवती आधी पाणी असायचं. ती जागा शर्करा धरून ठेवतात, म्हणून पटलं एकमेकांना चिकटून फाटत नाहीत. रेणूंना हलताच येत नाही म्हटल्यावर बिघडवणाऱ्या रासायनिक क्रियाही जवळजवळ थांबतात.

आणि ही काच वितळवतं कोण? पाणी. ओल शिरली की काच मऊ व्हायचं तापमान खाली येतं. चिक्की मेमध्ये कटकन तुटते आणि जुलैत कागदाला चिकटते, ते याचमुळे. जुलै काही मेपेक्षा गरम नसतो. मऊ पडलेलं बी धड झोपलेलं नसतं, धड जागं नसतं. श्वसन सुरू होतं, शिदोरी संपत जाते, झालेली मोडतोड दुरुस्त करण्याइतकं पाणी मात्र नसतं. वरून बुरशी येते ती वेगळीच.

याचा हिशेब अमेरिकेतले बियाणेतज्ज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी मांडून ठेवला आहे. नियम ढोबळ आहे: बीतलं पाणी एका टक्क्यानं कमी केलं की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसनं उतरवलं की पुन्हा दुप्पट. गच्चीवर ३८ अंश आणि बीत ६ टक्के पाणी धरा. कूलरच्या खोलीत २८ अंश आणि ११ टक्के. तापमानात काकूंचं बी दोन दुपटींनी, म्हणजे ४ पट पुढे. पाण्यात पाच दुपटींनी, म्हणजे ३२ पट मागे. गोळाबेरीज, माझं बी ८ पट दीर्घायुषी. आकडेमोड नको असेल तर चिक्की लक्षात ठेवा, पुरे.

मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये लावली आणि ती उगवली. तो प्रदेशही तापणाराच, पण खडखडीत कोरडा. याउलट पिरॅमिडमधला गहू उगवल्याची गोष्ट आजही फॉरवर्ड होत असते. ती थाप आहे. तसंच 'सात रंगांच्या गुलाबाचं बी' ऑनलाइन विकणाऱ्यांचं. तसा गुलाब पांढऱ्या फुलाला रंगाचं पाणी पाजून करतात, तो बीतून येत नाही.

बी कधी काढायचं याचं उत्तरही त्या काचेतच आहे. काच बनवायचा कच्चा माल बीत अगदी शेवटी साठतो. म्हणून झिनियाचं, झेंडूचं फूल झाडावरच तपकिरी होऊन वाळू द्या. तेरड्याची बोंडं मात्र हात लागताच फुटतात. ती पिवळसर पडली की पिशवी धरून काढा. सावलीत, वारं लागेल असं पसरा. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर नको, तिथं कोरडं बीही भाजतं. आंब्याच्या कोयीला हे काही लागू नाही, ती वाळली की मेली. आणि पाकिटावर 'एफ-१' लिहिलेल्या संकरित झेंडूची पुढची पिढी आईसारखीच निघेल याचा भरवसा धरू नका.

पावसाळ्याच्या आत बी काचेच्या बाटलीत भरायचं, सोबत सिलिका जेलची पुडी किंवा कोरडे भाजून बंद डब्यात गार केलेले तांदूळ कापडात बांधून. मग बाटली खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. आता गारवा कामाचा. फक्त बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. ऑगस्टमधल्या दमट हवेत गार बीवर क्षणात दव धरतं. बाटली रात्रभर ओट्यावर राहू द्या, सकाळी उघडा.