कवडसा गोल का पडतो?

मोठ्या काचा म्हणजे चांगली वास्तू, हे आता इतकं पक्कं झालंय की सावली म्हणजे बांधकामातली चूकच वाटावी. मला हे मनापासून खटकतं. जागा कशी भासते हे उजेड किती यापेक्षा तो सावलीला कसा भेटतो, यावर जास्त ठरतं.

एका पुठ्ठ्याला अर्ध्या सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडा आणि तो उन्हात धरा. मागे अगदी जवळ कागद धरलात तर कवडसा चौकोनी पडतो. कागद हळूहळू लांब न्या. कोपरे झिजत जातात, आणि तीन मीटरवर कवडसा चक्क गोल झालेला असतो! भोकाचा आकार पुसला गेला, सूर्याचा उमटला. खंडग्रास ग्रहणात याच भोकातून कोर उमटते.

सूर्य हा बिंदू नाही, आकाशातली अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्याच्या व्यासाच्या साधारण 108 पट अंतरावर आपण आहोत. त्यामुळे सावलीच्या कडेला एक पट्टा असा असतो, जिथून सूर्य थोडा दिसतो, थोडा झाकलेला असतो. हीच शाळेतली उपच्छाया. तिची रुंदी म्हणजे वस्तूपासून तिच्या सावलीपर्यंतचं अंतर भागिले 108. खिडकीचा गज सावली पडते त्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर सुमारे 9 मिलिमीटर, दहा मीटरवर असेल तर 9 सेंटिमीटर. किरण तिरपे पडले तर पट्टा आणखी पसरतो. गजाची जाडी या रुंदीहून कमी भरली, तर प्रच्छाया, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जातो तो सावलीचा गाभा, उरतच नाही, नुसती धूसर रेघ राहते.

रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरात घुमटाच्या माथ्यावर सुमारे 9 मीटर व्यासाचा झरोका आहे, जमिनीपासून 43 मीटरांवर. म्हणजे खाली पडणाऱ्या उन्हाची कड किमान 40 सेंटिमीटर विरघळलेली! तिथल्या उजेडाचा मऊपणा मला या आकड्यात दिसतो.

अमुक दिशेच्या उजेडात शुभ ऊर्जा असते, असं कोणी सांगितलं तर मानू नका. कर्कवृत्ताच्या उत्तरेला उत्तरेच्या खिडकीतून भर दुपारी थेट ऊन येत नाही, म्हणून तिथला उजेड शांत वाटतो. मकरवृत्ताच्या दक्षिणेला तेच काम दक्षिणेची खिडकी करते.

सावली काळीही नसते. तिच्यात आकाशाचा निळा उजेड आणि भिंतींवरून परतलेला प्रकाश मिसळलेला असतो. डोळा प्रकाश मोजतो तो शेजारच्या प्रकाशाच्या तुलनेत. वास्तुकार तादाओ आंदो यांच्या जपानमधल्या 1989च्या चर्चमध्ये काँक्रीटच्या भिंतीत क्रुसाच्या आकाराची फट ठेवली आहे, बाकी सारं अंधारलेलं. तेवढीच फट काचेच्या भिंतीत असती, तर दिसलीही नसती.