टोमॅटोची रोपे : वाढीचे माध्यम व पाणी

टोमॅटोचे (सोलॅनम लायकोपर्सिकम, कुल सोलॅनेसी) रोप रोपवाटिकेत साधारणपणे २५ ते ३० दिवस राहते. या काळात मुळांना पाणी आणि हवा किती मिळते, हे माध्यम व पाणी देण्याची रीत मिळून ठरवतात. म्हणून दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

पारंपरिक पद्धतीत पोयटा माती व कुजलेले शेणखत घालून गादीवाफा करतात. जुन्नर-नारायणगाव व नाशिक भागांत आता प्लॅस्टिकच्या ट्रेमधील कोकोपीटचा वापर रूढ आहे. नारळाच्या काथ्याचा हा भुसा ब्रिटनमधील बागांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वापरला जात असे. पुढे तो मागे पडला आणि बहुधा १९८० नंतर, दलदलीतील पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) उत्खननाला विरोध वाढल्यावर, पुन्हा पुढे आला. त्यामुळे त्याला सर्वस्वी आधुनिक माध्यम म्हणणे फारसे ग्राह्य वाटत नाही. कच्च्या कोकोपीटमध्ये सोडियम व पोटॅशियम क्षार जास्त असतात. नुसत्या धुण्याने विद्राव्य क्षार निघून जातात, पण कणांना धरून राहिलेले या क्षारांचे आयन (विद्युतभारित कण) निघत नाहीत. त्यासाठी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून पुन्हा धुणे आवश्यक ठरते. हे टाळल्यास माध्यम खतातील कॅल्शियम स्वतःच धरून ठेवते आणि रोपाला ते कमी पडते.

पाणी दिल्यावर ट्रेच्या प्रत्येक कप्प्याच्या तळाशी एक संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेला थर उरतो. त्याची उंची माध्यमाच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते, कप्प्याच्या खोलीवर नाही. साहजिकच उथळ कप्प्यात या थराचा वाटा मोठा होऊन मुळांना हवा कमी मिळते. तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. थर तेवढाच राहून उलट वर सरकतो. कोकोपीटचा पृष्ठभाग फिकट, कोरडा दिसत असताना आत भरपूर ओल असू शकते. ट्रे उचलून वजनावरून अंदाज घेणे अधिक भरवशाचे.

रोपे कोलमडण्याचा रोग अतिपाण्याने होतो, असे सरसकट सांगितले जाते. पिथियम या बुरशीसारख्या रोगकारक जीवाच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, कारण त्याचे चलबीजाणू पाण्यातूनच पोहत मुळांपर्यंत जातात. रायझोक्टोनिया ही बुरशी मात्र अशा बीजाणूंवाचून, कवकतंतूंनीच पसरते आणि मध्यम ओलीतही रोप जमिनीलगत बारीक करून आडवे पाडते. तेव्हा केवळ पाणी तोडणे हा पुरेसा उपाय मानता येत नाही. माध्यम निर्जंतुक व ट्रे स्वच्छ असणेही तितकेच महत्त्वाचे.

लागवडीपूर्वी काही दिवस पाणी कमी करून रोपे काटक करतात. सौम्य ताण उपयोगी पडतो. मात्र रोपे वारंवार कोमेजू दिल्यास खोड कडक होते आणि लागवडीनंतरची वाढ लांबते.