दोन कवड्या, तीस दिवस : गुणोत्तर श्रेढीच्या हिशेबामागचा इतिहास

‘पुढचे पद = मागचे पद × गुणोत्तर’ हे गुणोत्तर श्रेढीचे आवर्ती सूत्र. पहिले पद सांगितले नाही तर ते अर्धवटच राहते. दुप्पट करत जा म्हटले तर २, ४, ८ही चालते आणि ५, १०, २०ही. शिवाय तिसावे पद हवे तर २९ गुणाकार, आणि सातव्याला चूक झाली की पुढची सगळी पदे गेली.

इजिप्तच्या ऱ्हाइंड पपायरस या गणिती हस्तलिखितात (इ.स.पू. सुमारे १५५०) ७ घरे, ४९ मांजरे, ३४३ उंदीर, २४०१ कणसे आणि १६८०७ मापे धान्य अशी यादी आहे, एकूण १९६०७. शेजारीच २८०१ ला ७ ने गुणून तेच उत्तर काढले आहे. पहिल्या चार पदांची बेरीज २८००. म्हणजे आधीच्या बेरजेत १ मिळवा, ७ ने गुणा. नियम लिहिलेला नाही, आकड्यांतून दिसतो. आणि जमतो तोही पहिले पद व गुणोत्तर दोन्ही ७ आहेत म्हणून.

लांबलचक गुणाकारांवरचा उपाय भारतात छंदांच्या मोजणीतून आला. n अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या रचना किती, याचे उत्तर २ चा n वा घात. तो काढायची युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) ती कोणत्याही गुणकासाठी (म्हणजे गुणोत्तरासाठी) दिली : ‘विषमे गच्छे व्येके गुणकः स्थाप्यः समेऽर्धिते वर्गः’. गच्छ म्हणजे पदांची संख्या. ती विषम असेल तर १ वजा करून ‘गुण’ लिहा, सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहा, शून्य येईपर्यंत.

त्यांचेच उदाहरण : दाता पहिल्या दिवशी २ कवड्या देतो, रोज दुप्पट, महिन्याचे किती? ३० ची उतरण अशी : १५ वर्ग, १४ गुण, ७ वर्ग, ६ गुण, ३ वर्ग, २ गुण, १ वर्ग, ० गुण. आता १ घेऊन शेवटाकडून उलटे चढा, ‘गुण’ला गुणकाने (इथे २ ने) गुणा, ‘वर्ग’ला आलेल्या संख्येचा वर्ग करा : २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत काम झाले. यातून १ वजा करा, (गुणक − १) ने भागा, पहिल्या पदाने गुणा : २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे त्या काळच्या चलनात १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

उतरण सुलटीच वाचली तर उत्तर साफ चुकते. दुसरी नेहमीची चूक घातांकाची : बेरजेला ३० वा घात लागतो, पण तिसाव्या दिवसाच्या दानाला २९ वाच, कारण पहिल्या पदावर गुणाकार झालेलाच नसतो. आणि गुणोत्तर १ असेल तर भाजक शून्य होतो. तिथे सरळ पहिले पद × गच्छ.