केंद्रकाची भिंत आणि तिच्या आतली मांडणी

स्नायूंच्या पेशींना आकुंचनाचा ताण सोसण्याचे बळ देणारे डिस्ट्रॉफिन नावाचे एक प्रथिन आपल्या शरीरात असते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असून त्याची लांबी सुमारे २२ लाख बेसजोड्या (डीएनएच्या साखळीतील मूळ एकके) इतकी प्रचंड आहे, आणि त्यामुळे या जनुकाची आरएनएमधील एकच प्रत पूर्ण उतरवायला पेशीला जवळजवळ १६ तास लागतात. एवढ्या कष्टाने तयार होणाऱ्या या प्रतीतला ९९ टक्क्यांहून अधिक भाग कापून टाकला जातो, उरलेले ७९ तुकडे एकमेकांना जोडले जातात, आणि प्रथिन बनवण्यासाठी पुढे जातो तो अवघ्या १४ हजार बेसांचा संदेश. ही कापाकापी आणि जोडणी पूर्ण होण्याआधीच रायबोझोमनी, म्हणजे आरएनए वाचून प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणांनी, हा आरएनए वाचायला घेतला, तर जे प्रथिन बनेल ते निरुपयोगी असेल.

जिवाणूंच्या पेशीत नेमके असेच घडते. तिथे आरएनएची प्रत अजून पूर्ण उतरलेली नसतानाच तिच्या पुढच्या टोकावर रायबोझोम काम सुरू करतात. जिवाणूंच्या जनुकांत असे कापून टाकायचे भाग सहसा नसल्यामुळे त्यांचे काही बिघडत नाही. आपल्या पेशींना मात्र प्रत उतरवण्याची जागा आणि प्रत वाचण्याची जागा वेगळी ठेवावी लागते, आणि या दोहोंच्या मध्ये असलेली भिंत म्हणजे केंद्रकाचे आवरण. केंद्रक हे पेशीचे नियंत्रण केंद्र आहे, असे शाळेत आपण सगळेच शिकतो. ते चूक नाही, पण त्या वाक्यातून केंद्रकाची खरी करामत कळत नाही. ती करामत आवरणातून होणाऱ्या ये-जा नियंत्रणात आणि आतल्या मांडणीत आहे.

ऑर्किडच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये केंद्रकाचे वर्णन केले आणि त्याला त्याचे नाव दिले, तरी ते नेमके करते काय याचा स्पष्ट पुरावा मिळायला शंभर वर्षे जावी लागली. जर्मन जीवशास्त्रज्ञ योआखिम हेमरलिंग यांनी १९३०च्या दशकात ॲसिटॅब्युलॅरिया या समुद्री शैवालावर केलेले प्रयोग माझ्या मते प्रत्येक वर्गात सावकाश शिकवले जावेत इतके सुंदर आहेत. हे शैवाल काही सेंटिमीटर उंचीचे असूनही एकाच पेशीचे बनलेले असते. तळाशी मुळासारखा भाग, वर देठ आणि टोकाला टोपी. केंद्रक मात्र तळाशी असते. हेमरलिंग यांनी एका जातीचा देठ कापून, ज्या दुसऱ्या जातीच्या टोपीचा आकार वेगळा आहे तिच्या केंद्रकयुक्त तळावर जोडला. पहिल्यांदा उगवलेली टोपी कधीकधी दोन्ही जातींच्या मधल्या आकाराची असे. पण ती कापून टाकल्यावर पुन्हा आलेली टोपी तळातल्या केंद्रकाच्या जातीचीच असे. आकार केंद्रक ठरवते, हे यातून सिद्ध झाले. मला मात्र त्या पहिल्या मिश्र टोपीचे मोल अधिक वाटते, कारण केंद्रकातून निघालेले आदेश देठात आधीच येऊन थांबलेले होते आणि ते संपेपर्यंत काम करत राहिले, हे तिने दाखवून दिले. हे आदेश म्हणजे संदेशवाहक आरएनए, हे कळायला पुढे आणखी काही दशके लागली.

केंद्रकाचे आवरण दुपदरी असते. बाहेरचा पदर आंतर्द्रव्यजालिकेशी, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याशी, सलग जोडलेला असून त्यावर रायबोझोमही असतात. आतला पदर डीएनएच्या बाजूला असतो. दोन्ही पदर ठिकठिकाणी एकत्र येऊन रंध्रे तयार होतात आणि मानवी पेशीच्या एका केंद्रकावर अशी काही हजार रंध्रे असतात. रंध्र हा शब्द ऐकून साधे भोक डोळ्यांसमोर येते, परंतु प्रत्येक केंद्रकरंध्र ही सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो रेणूंनी बांधलेली, पेशीतल्या सर्वांत मोठ्या रचनांपैकी एक रचना आहे. तिच्या मधल्या मार्गात प्रथिनांच्या लवचीक, निश्चित आकार नसलेल्या साखळ्या दाटीने पसरलेल्या असतात. पाणी, क्षार आणि लहान रेणू त्यांच्यामधून सहज जातात, पण साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा (किलोडाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) मोठ्या प्रथिनांना वाहक प्रथिनांच्या मदतीशिवाय पलीकडे जाता येत नाही.

वाहक कोणाला आत न्यायचे हे एका छोट्याशा खुणेवरून ओळखतात. ही खूण म्हणजे प्रथिनाच्या साखळीतच असलेला काही अमिनो आम्लांचा क्रम. १९८४ मध्ये एका विषाणूच्या प्रथिनाचा अभ्यास करताना असे आढळले की, त्या क्रमातले लायसिन हे एकच अमिनो आम्ल बदलले तरी एरवी केंद्रकात जाणारे ते प्रथिन पेशीद्रव्यातच, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या द्रव्यातच, अडकून पडते. खूण ओळखणाऱ्या वाहकाला इम्पोर्टिन म्हणतात. तो आपले प्रथिन घेऊन रंध्रातून आत शिरला की, रॅन नावाच्या छोट्या प्रथिनाचे केंद्रकात विपुल असलेले एक रूप त्याला चिकटते आणि त्याने आणलेले प्रथिन सुटून मोकळे होते. रॅनचे हे रूप केंद्रकाच्या आत जास्त आणि बाहेर कमी असते. या फरकामुळेच वाहतुकीला दिशा मिळते, आणि तो फरक टिकवण्यासाठी पेशीला सतत ऊर्जा खर्च करावी लागते.

या वाहतुकीचा आवाका रायबोझोमच्या निर्मितीत दिसतो. रायबोझोमची प्रथिने पेशीद्रव्यात बनतात, तिथून केंद्रकात येतात, केंद्रकी या दाट भागात रायबोझोमच्या आरएनएशी जोडली जातात, आणि तयार झालेले भाग पुन्हा रंध्रांतून बाहेर पाठवले जातात. वेगाने वाढणाऱ्या पेशीत दर मिनिटाला असे हजारो भाग बाहेर पडतात. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला तर स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढण्यासाठी केंद्रकातच जावे लागते, आणि त्याची प्रथिनेही याच खुणा बाळगून याच वाहकांच्या आधारे आत शिरतात.

आत गेल्यावर समोर येतो तो जागेचा प्रश्न. मानवी पेशीतल्या ४६ गुणसूत्रांचा डीएनए सरळ केला तर त्याची एकूण लांबी सुमारे दोन मीटर भरते आणि केंद्रकाचा व्यास असतो जेमतेम ५ ते १० मायक्रोमीटर. डीएनएचा सुमारे १४७ बेसजोड्यांचा भाग हिस्टोन प्रथिनांच्या एका गठ्ठ्याभोवती पावणेदोन वेढे घेतो, मग पुढचा गठ्ठा, मग त्यापुढचा, आणि ही माळ पुन्हापुन्हा दुमडली जाते. तरीही हा गुंता नसतो. प्रत्येक गुणसूत्राचा केंद्रकात स्वतःचा असा प्रदेश असतो: रक्तातील लसिका पेशींत जनुकांनी भरलेले १९वे गुणसूत्र मध्यभागाकडे, तर मोजकी जनुके असलेले १८वे गुणसूत्र कडेला आढळते. न वापरला जाणारा डीएनए बहुधा दाट होऊन आवरणालगत राहतो. निशाचर सस्तन प्राण्यांनी ही मांडणी उलटी केली आहे. उंदराच्या डोळ्यातील दंडपेशींत दाट डीएनए केंद्रकाच्या मध्यभागी गोळा होतो आणि त्यामुळे केंद्रक सूक्ष्म भिंगाचे काम करून अंधूक प्रकाश कमी विखुरला जाईल अशी व्यवस्था होते. हे २००९ मध्ये लक्षात आले.

या मांडणीला आधार देते ते आवरणाच्या आतल्या बाजूचे लॅमिन प्रथिनांचे जाळे. खाटेच्या चौकटीत नवार घट्ट विणलेली असावी तसे ते आवरणाला आकार आणि ताण देते आणि डीएनएचे काही भाग स्वतःजवळ धरून ठेवते. हे जाळे बिघडले की काय होते, हे प्रोजेरिया या अत्यंत दुर्मीळ आजारात दिसते. या आजाराच्या मुलांची वाढ खुंटते, केस गळतात आणि बहुतेकांचा मृत्यू किशोरवयातच हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने होतो. २००३ मध्ये त्याचे कारण सापडले: लॅमिन-एच्या जनुकात सायटोसिनच्या जागी थायमिन असा एकाच बेसचा बदल. या बदलाने अमिनो आम्ल बदलत नाही, पण आरएनए कापायची जागा चुकते आणि प्रथिनातली ५० अमिनो आम्ले गळतात. जे तोकडे प्रथिन तयार होते, त्याला एरवी नंतर काढून टाकली जाणारी मेदाची साखळी कायमची चिकटून राहते. ते आवरणात रुतून बसते आणि केंद्रक वेडेवाकडे होते.

ती साखळी जोडणाऱ्या एन्झाइमला अडवणाऱ्या लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. त्याने आयुष्य वाढते, पण मूळ दोष राहतो. मूळ दोषावरचा प्रयत्न २०२१ मध्ये उंदरांवर झाला. मानवी दोषयुक्त जनुक असलेल्या उंदरांना त्या एका बेसमध्ये दुरुस्ती करणारे प्रथिन बनवण्याची सूचना विषाणूवाहकाद्वारे दिली गेली आणि त्यांचे मध्यक आयुर्मान २१५ दिवसांवरून ५१० दिवसांपर्यंत गेले. ते दुरुस्ती करणारे प्रथिन पेशीद्रव्यात तयार होत असल्यामुळे त्यालाही रंध्रातून आत नेले जाणे आवश्यक होते, म्हणून संशोधकांनी त्याच्या साखळीला केंद्रकप्रवेशाची तीच अमिनो आम्लांची खूण जोडलेली होती.